राखणीला डोबरमन: दिवसा साखळीला बांधून चालेल का?

मळेवाट:
शेतावरच्या घराला राखण म्हणून डोबरमनचं पिल्लू घ्यायचंय. दिवसा साखळीला, रात्री मोकळा, असं चालेल का? जात मुळातच तापट असते का? आणि ते उभे कान आपोआप येतात का?

दगडीवाडा:
साखळीला अजिबात नको. जर्मनीत थुरिंगियातल्या आपोल्डा गावी कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन करवसुली करायचा, भटकी कुत्री पकडायचं कामही त्याच्याकडे होतं. वसुलीला जाताना अंगरक्षक म्हणून सोबत चालेल असं कुत्रं त्याला हवं होतं. १८९४ मध्ये तो वारला. पुढे ओटो गोलरने जात पक्की केली. म्हणजे माळावर एकट्याने मेंढरं राखणारं हे कुत्रं नव्हे, माणसाच्या पायाशी राहणारं आहे. एकटं बांधलं की येरझाऱ्या घालतं, सतत भुंकतं. काही डोबरमन तर मांडीपुढची कातडी तोंडात धरून जखम होईपर्यंत चोखत बसतात. शिवाय अंगावर आखूड केसांचा एकच थर, खाली लव नाही. थंडीत उघड्यावर कुडकुडतो. झोपायची जागा घरातच हवी.

कान जन्मतः लोंबतेच असतात. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना ते कापून कित्येक आठवडे पट्ट्या बांधतात, तेव्हा उभे राहतात. राखणीला त्याचा काडीचा उपयोग नाही. कापू नका.

तांबडाठिपका:
तापट नाही, तल्लख आहे. फरक पडतो तो पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत. माणसं, लहान मुलं, ट्रॅक्टरचा आवाज, दुसरी जनावरं, सगळं तेव्हाच दाखवा. लसी पूर्ण होईपर्यंत उचलून न्या. पार्व्हो हा विषाणूचा, उलट्या-जुलाबांचा आजार या जातीला फार जड जातो. ‘तिखट’ करण्यासाठी अनोळखी माणसाकडून डिवचून घेऊ नका. असं कुत्रं भीतीपोटी चावतं आणि पाहुणा, चोर काही ओळखत नाही.

पूर्ण वाढीचा नर खांद्याशी ६८ ते ७२ सेंमी, वजन ४०-४५ किलो. मादी ६३ ते ६८ सेंमी, ३२-३५ किलो. काळ्या किंवा तपकिरी अंगावर भुवयांशी, थोबाडावर, छातीवर, पायांवर आणि शेपटीखाली तांबूस खुणा, कडा स्पष्ट. निळसर किंवा फिकट पिल्लू ‘दुर्मिळ’ म्हणून जास्त पैशाला गळ्यात मारतात. त्या रंगात पुढे केस गळून कातडी उघडी पडते.

दगडीवाडा:
पैसे देण्याआधी आई-बाप दोघांच्या हृदयाचे अहवाल मागा. या जातीत हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा आजार खूप आहे, आणि कधी कधी पहिलं लक्षण म्हणजे कुत्रं अचानक कोसळतं. नुसत्या स्टेथोस्कोपवर तो कळत नाही. तीन वर्षांनंतर दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि २४ तासांचं होल्टर (ठोक्यांची सलग नोंद) करावं. रक्त न गोठण्याचा दोषही आढळतो, म्हणून नसबंदीआधी डॉक्टरांना त्याची तपासणी करायला सांगा.

मळेवाट:
म्हणजे माणूस रोज राहत नसेल तर?

दगडीवाडा:
तर डोबरमन घेऊ नका.