‘जन गण मन’ पंचम जॉर्जसाठी लिहिलं का? तुमचं मत मांडा

पेठेतला_बोका
काल तालमीच्या कट्ट्यावर परत तोच वाद. एकजण ठासून सांगत होता, राष्ट्रगीत म्हणजे इंग्रज बादशहा पंचम जॉर्जचं स्वागतगीत. माझ्या मते ही थाप आहे. राजाचा दिल्ली दरबार १२ डिसेंबर १९११ चा. गाणं पहिल्यांदा झालं २७ डिसेंबरला, कलकत्त्यात, काँग्रेस अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी. दरबाराशी संबंध काय?

रंकाळ्याचा_वारा
अर्धंच सांगालायस भावा. त्याच दिवशी काँग्रेसनं बादशहाच्या स्वागताचा ठराव केला, बंगालची फाळणी रद्द केली म्हणून. दुसऱ्या दिवशी इंग्रजांच्या पेपरांनी छापलंच की, टागोरांचं गाणं बादशहासाठी होतं. उगाच छापतील होय?

निवृत्त_मास्तर
छापतील की. त्याच मांडवात रामभुज चौधरींचं हिंदी गाणं झालं, ते खरोखर बादशहाचं कौतुक करणारं. वार्ताहरांना बंगाली कळेना, दोन्ही गाणी एकात कालवली. ‘अमृत बाजार पत्रिके’नं मात्र टागोरांचं गाणं देवाचं आणि दुसरं बादशहाचं, असा फरक केला होता. पुढच्याच महिन्यात टागोरांचं गाणं ब्राह्मो समाजाच्या ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ब्रह्मसंगीत, म्हणजे ईश्वराच्या भक्तीचं गीत, म्हणून आलं.

आपण पहिलंच कडवं म्हणतो, गाणं पाच कडव्यांचं आहे. तिसऱ्यात युगानुयुगं चाललेल्या यात्रेकरूंचा चिरसारथी आहे, त्याचा शंख वाजतो. चौथ्यात काळोख्या रात्री मूर्च्छा आलेल्या देशाला मांडीवर घेऊन जपणारी स्नेहमयी माता आहे. आता दाढीवाल्या जॉर्जला आई म्हणायचं असेल तर नाद खुळाच!

रंकाळ्याचा_वारा
मास्तर, पाचव्यात ‘राजेश्वर’ पण आहे, ते गाळलंत. आणि टागोरांचा लेखी खुलासा कधीचा? १९३७ चा. २६ वर्षं काय करत होते?

निवृत्त_मास्तर
राजेश्वर म्हणजे राजांचाही ईश्वर, आरतीतल्यासारखा. आणि ते पत्र नीट वाचा. पुलिनबिहारी सेनांना लिहिलंय: सरकारदरबारी वजन असलेल्या एका मित्रानं राजाच्या स्तुतीचं गाणं मागितलं, संताप आला, त्या तिरीमिरीत भारताच्या भाग्यविधात्याचा जयजयकार लिहिला.

पेठेतला_बोका
म्हणजे निमित्त राजाचं होतं, एवढं मान्य करायला लागतंय.

रंकाळ्याचा_वारा
आलात ना वळणावर!

तांबडा_पांढरा
अहो, निमित्त असलं म्हणून बिघडलं कुठं? १९०२ साली आपले शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला गेले. तेवढ्यानं महाराज छोटे झाले? टागोरांनी तर जालियनवाला बागेनंतर, १९१९ ला, ‘सर’कीच परत केली.

रंकाळ्याचा_वारा
महाराजांना मधे आणू नका. ते संस्थानिक, त्यांना जाणं भाग होतं. कवीला कुणाची सक्ती? आणि परत केली म्हणजे १९१५ ला घेतली होतीच की. पत्र वाचतो, आईचं कडवं पण वाचतो. तोवर बोक्यानं निमित्त कबूल केलंय, ते आज कट्ट्यावर सांगणार.