अनुभव धागा: कान गेले हे तुम्हाला कधी कळलं?

पत्राकाम
गेल्या महिन्यात पहिल्यांदा ऑडिओग्राम काढला, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख. कागदावरची रेषा डावीकडून नीट चालत येते, 4000 हर्ट्झपाशी विहिरीत पडते आणि 8000 ला थोडी वर चढते. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कागद बघितला आणि पहिलाच प्रश्न, "मशीनवर काम करत होतात का?" वयाने जाणारे कान उतरणीला लागल्यासारखे जातात म्हणे, आवाजाने गेलेले मध्येच खड्डा पाडतात.

22 वर्षं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर काढली. सुरुवातीला शिफ्ट संपली की कानात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं, सकाळपर्यंत मोकळं. जुने लोक म्हणायचे, "होईल सवय." दोनेक वर्षांत दडे बसायचे थांबले आणि आम्ही खूश. सवय कसली, तेवढं ऐकू यायचंच बंद झालं होतं.

तुम्हाला पहिल्यांदा कशावरून कळलं? सल्ले नकोत, जे घडलं ते लिहा.

साडेसात
माझे नाहीत, नवऱ्याचे. मी सांगितलं साडेसातला निघायचंय, हा आरामात साडेआठच्या हिशोबाने तयार. वर, "तूच आठ म्हणालीस." अशी भांडणं दोन वर्षं चालली. मला वाटायचं लक्ष नसतं, त्याला वाटायचं हल्ली सगळेच पुटपुटतात.

तपासणीनंतर उलगडा झाला. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणदणीत, ते त्याला छान ऐकू येतात. स, श, फ वरच्या पट्टीतले आणि नाजूक. ते गळतात. म्हणजे 'सात'मधला 'स' गेला की उरलं काय? त्यामुळे आवाज येतो, शब्द कळत नाही. बरं, जोरात बोलावं तर "ओरडतेस कशाला!" तेही नाटक नव्हतं. हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा मात्र एकदम अंगावर येतो, असंच होतं म्हणे यात.

पत्राकाम
@साडेसात, आमच्याकडे हेच भांडण, फक्त आकडे वेगळे. बायकोला वाचायला दिलंय.

झांजेच्या शेजारी
ड्रमर आहे. तालमीनंतर कानात शिट्टी वाजणं आम्हा सगळ्यांना नेहमीचं, झोपून उठलं की गायब. एका रात्री ती गेली नाही. याला 6 वर्षं झाली.

गंमत म्हणजे (गंमत कसली) माझा ऑडिओग्राम नॉर्मल आला. शांत खोलीत बारीकशी टीप ऐकू येते, चार माणसं एकदम बोलायला लागली की मी बाद. दोन डॉक्टरांनी 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या डॉक्टरांनी 2009 सालच्या उंदरांवरच्या प्रयोगाबद्दल सांगितलं: मोठ्या आवाजानंतर उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, कानातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) शाबूत होत्या, पण त्यांना मज्जातंतूंशी जोडणारे सांधे मोठ्या संख्येने कायमचे तुटले होते. माणसात हे जिवंतपणी मोजायची पक्की चाचणी अजून नाही, त्यामुळे माझं तेच झालंय असं त्यांनी छातीठोक सांगितलं नाही. पण त्या दिवशी मला कोणीतरी वेडं समजलं नाही, एवढंच पुष्कळ होतं.

वारा
बुलेटच्या सायलेन्सरवरून लोक बोलतात, माझे कान हेल्मेटमधल्या वाऱ्याने गेले. हायवेच्या वेगाला आत 90 डेसिबलच्या वर आवाज असतो, हेल्मेट कितीही भारी घ्या. आता कानात प्लग घालून चालवतो.

एकच दिवस
तुमच्यासारखी वर्षं नाहीत लागली मला. कंप्रेसरचा होज उजव्या कानापासून हातभर अंतरावर फुटला. एक फटका, मग कान गच्च आणि आत किर्र. "उतरेल आपोआप" म्हणून दहा दिवस घालवले, कारण यापूर्वी दरवेळी उतरलं होतं. ईएनटीने स्टिरॉइड दिली, थोडं परत आलं. "दुसऱ्या दिवशी का नाही आलात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन डाव्या कानाला लावतो.

सेफ्टीवाला
सल्ले नकोत म्हणालात, तरी माझा अनुभव सल्ल्याचाच आहे. 8 तासांना 85 डेसिबल ही मर्यादा धरली तर पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 88 ला 4 तास, 91 ला 2, 100 ला जेमतेम 15 मिनिटं. हा तक्ता मी वर्षानुवर्षं भिंतीवर लावला. लोक प्लगही घालायचे, पण कसे? बाहेर आळंबी उगवल्यासारखे. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सारून फुगेपर्यंत दाबून धरायचा. स्वतःचं बोलणं घुमायला लागलं की बसला. आवाज 30 डेसिबलने कमी होतो असा पाकिटावरचा आकडा तेव्हा कुठे जवळ येतो. हे मी प्रत्येकाला शेजारी उभं राहून करून दाखवायला पाहिजे होतं. तक्ता लावणं सोपं होतं.

आणि हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. ग्लासगोच्या थॉमस बार नावाच्या डॉक्टरांनी 1886 मध्ये बॉयलर बनवणाऱ्या 100 कामगारांचे कान तपासून पोस्टमनांच्या कानांशी ताडून पाहिले होते.

पत्राकाम
पोस्टमन! आमच्याकडे तुलनेला ऑफिसातला स्टाफ पुरला असता.

थर्मामीटरचं लिहायचं राहिलं. बीप वाजत नाही म्हणून मी दोन थर्मामीटर फेकले. तिसरा नातवाने काखेत धरला आणि म्हणाला, "आजोबा, वाजतोय की."

किर्र
मला कर्णनाद आहे, हुबेहूब रातकिड्यांसारखा. रात्री खिडकी उघडी असली की लेकीला विचारते, बाहेर आहेत का गं? कधी हो म्हणते, कधी नाही. मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू येतं.