मदत हवी आहे: पाणी भरलेल्या बंद खाणीत गॅलरी (कोळसा काढून झालेला बोगदा) किती मोकळी राहते?

नमस्कार. उत्तर इंग्लंडमधल्या बंद कोळसा खाणींतल्या कोमट पाण्यावर एमएस्सीचा प्रबंध चालू आहे. गेट्सहेडला २०२३ पासून १५० मीटर खोलीवरचं साधारण १५ अंशांचं पाणी वर आणून हीट पंपाने इमारती गरम करतात आणि थंड झालेलं पाणी परत खाणीत सोडतात. माझं घोडं इथेच अडलंय. हे गार पाणी उपशाच्या बोअरपर्यंत लवकर पोचलं, की सगळं मुसळ केरात.

जुने नकाशे मिळाले, पण ते खाण बंद होतानाचे. मॉडेलमध्ये गॅलरी मोकळा पाइप धरली तर गारवा फारच लवकर पोचतो; ढिगाऱ्याने भरलेली धरली तर जवळजवळ पोचतच नाही. नवी बोअर मारणं बजेटबाहेर आहे, आणि लाँगवॉलवरचे (खांब न सोडता सगळा कोळसा काढून मागचं छत कोसळू देतात, त्या पद्धतीवरचे) पेपर इथे लागू पडत नाहीत.

चंद्रपूर-बल्लारपूर किंवा सावनेरकडच्या भूमिगत खाणींत बोर्ड अँड पिलर पद्धतीचं (छत पेलायला कोळशाचे खांब, म्हणजे पिलर, सोडून मधून गॅलऱ्या काढतात, तसं) काम पाहिलेलं कुणी आहे का? कंपनीचा डेटा नको, डोळ्यांनी पाहिलेलं पुरे. पिलर न काढता सोडलेल्या, बुडालेल्या भागातलं पाणी उपसून पुन्हा आत गेला असाल, तर छत किती ढासळलं होतं आणि गॅलरीच्या उंचीपैकी अंदाजे किती भाग मोकळा उरला होता?