ॲटलसच्या खांद्यावर वजनच वाटत नाहीये, काय चुकतंय?

एका मोठ्या पेंटिंगसाठी ॲटलसचं (ग्रीक पुराणातला, खांद्यावर गोल पेलणारा) कच्चं ड्रॉइंग करतोय, चारकोलमध्ये. सरळ उभा आहे, दोन्ही हात वर, डोक्यावर गोल. हे पाचवं स्केच, मसल्स नीट आलेत, प्रपोर्शन मोजून घेतलंय, तरी लांबून बघितलं की वाटतं नुसता फुगा धरलाय. शेडिंग अजून गडद करू की पोझच बदलू?

प्रतिसाद १:
शेडिंगला आत्ता हातच लावू नका. मॉडेलचे हात रिकामे होते का? मग तो फक्त हात वर करून उभा राहिलाय, खरं ओझं असलं की खांदे कानाकडे चढतात, मान पुढे येते, आणि पाठीवरचं वजन पावलांच्या वर राहावं म्हणून माणूस आपोआप पुढे वाकतो. एक भरलेली सॅक त्याच्या खांद्यावर द्या आणि दोन-दोन मिनिटांची दहा स्केचेस काढा, फक्त पाठीची रेघ आणि पाय, बाकी काही नको.

प्रतिसाद २:
नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममधला फार्नेझे ॲटलस हा पुतळा बघाच. संगमरवरी, रोमन काळातला. एक गुडघा टेकलेला आणि गोल मानेवर असा बसलाय की डोकं एका बाजूला ढकललं गेलंय, त्या वाकड्या मानेतच सगळं वजन आहे. आणि त्या गोलावर तारकासमूह कोरलेत, कारण टायटन (जुने देव, ॲटलस त्यांच्यातलाच) हरल्यावर देवांचा राजा झ्यूसने ॲटलसला शिक्षा दिली ती आकाश पेलायची, पृथ्वी नाही. तुम्ही गोलावर पृथ्वीचे खंड काढले असतील तर पुसा प्लीज.

प्रतिसाद ३:
पावलांचं कोणी बोललंच नाही! मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छतावरच्या लिबियन सिबिलसाठी (भविष्य सांगणारी स्त्री) लाल खडूत केलेला सरावाचा अभ्यास न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, साधारण १५१०-११ चा. बाईच्या फिगरसाठी मॉडेल पुरुष घेतलाय, पाठ तर सुंदर आहेच, पण त्याच कागदावर डाव्या पायाचा अंगठा त्याने परत परत काढलाय, कारण पिळलेल्या शरीराचा भार तिथेच येतो. जमिनीवर दाबली गेलेली बोटं दिसली की वरचं ओझं आपोआप पटतं.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. सॅक देऊन बसवलं, चौथ्या मिनिटाला त्याची मागची टाच उचलली गेली आणि बोटं पांढरी पडली, तेच काढलंय. आता गुडघा टेकलेलीच पोझ घेतोय. खंड काढलेलेच होते, पुसले.