फॉरमॅटआधी सिस्टिम रिस्टोर करून पाहावे

नवा ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचे चित्र हाताळणारे सॉफ्टवेअर) बसवल्यापासून विंडोज ११ लोगोवरच अडकते म्हणून थेट फॉरमॅट मारण्याचा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवण्याचा, सल्ला या चर्चेत वर दिला गेला आहे. घरातले सारे फोटो त्याच डिस्कवर असताना तो मला फार घाईचा वाटतो. संगणक सुरू होत असतानाच पॉवर बटण दाबून धरून तो दोन-तीनदा बंद केल्यास दुरुस्तीचा निळा पडदा येतो आणि तेथील ‘ट्रबलशूट’मधल्या प्रगत पर्यायांतून सिस्टिम रिस्टोर निवडून ड्रायव्हर बसवण्याआधीच्या तारखेवर परतता येते. यात फोटो व कागदपत्रांना धक्का लागत नाही, त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम मात्र जातात. रिस्टोर पॉइंटच (परतण्यासाठी आधी जतन झालेली स्थिती) नसेल, तर त्याच प्रगत पर्यायांतील स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४ दाबून सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) शिरावे व ड्रायव्हर तेथून काढावा. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्यावी. ती बहुधा दुसऱ्या यंत्रावरून मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहता येते.