जुन्या बार्नचा फोटो संध्याकाळच्या उन्हातही सपाट येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत, कोलंबसला असतो. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या हद्दीपर्यंत जुने लाकडी बार्न शोधत हिंडायचं, हा दोन वर्षांपासूनचा नाद. (गोठा म्हणावं तर वर गवताचा माळा, कोठार म्हणावं तर खाली गुरं. म्हणून बार्नच म्हणतो.)

बेलमाँट काउंटीत एक झकास बार्न सापडलाय. रस्त्याकडच्या भिंतीवर मेल पाउच तंबाखूची जाहिरात. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगची ब्लॉक ब्रदर्स कंपनी शेतकऱ्याला थोडे पैसे द्यायची, बार्न फुकट रंगवून द्यायची आणि त्या बदल्यात भिंतीवर आपली अक्षरं काढायची. हार्ली वॉरिक नावाच्या रंगाऱ्याने १९४६ पासून चाळीसहून जास्त वर्षं हेच काम केलं. तो राहायलाही याच काउंटीत होता, त्यामुळे ही भिंत त्याच्याच हातची असावी असं आपलं मला वाटतं.

जवळ गेलं की नुसतं बघत राहावं. रंगाचे पोपडे सुटून वळलेत. फळ्यांचा मऊ भाग पावसाने झिजून शिरा वर आल्यात, आजीच्या हातावर दिसायच्या तशा. प्रत्येक खिळ्याखाली गंजाचा ओघळ. आणि फोटोत? यातलं काहीच नाही! कॅलेंडरवर छापल्यासारखी गुळगुळीत भिंत.

गेले तीन शनिवार सूर्यास्ताच्या आधीचा तास साधून गेलो. ऊन सोनेरी, आकाश स्वच्छ, लेन्सचं छिद्र मध्यम (एफ ८), ट्रायपॉड. भिंत पश्चिमेकडे आहे, म्हणजे ऊन थेट तिच्यावरच येतं. तरी ही रड. काय चुकतंय?

दुसरं म्हणजे, बार्न डावीकडे चांगलाच कललाय. घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटो' दाबलं तर त्याने बार्न सरळ केला आणि मागची झाडं तिरकी!

– रानवाटा

भिंगरी: झाडं तिरकी 😂 शेतकऱ्याला दाखवा, डागडुजीचा खर्च वाचला म्हणेल.

उनाडपाखरू: लेन्स कुठली? कॅमेऱ्यासोबत आलेली किटची असेल तर आधी ती बदला.

काजवा: लेन्सवर पैसे घालू नका. चूक तुमच्याच वाक्यात आहे: "ऊन थेट तिच्यावरच येतं." समोरून ऊन आलं की सावल्या वस्तूच्या मागे पडतात, कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. आज रात्री घरात अंधार करा आणि भिंतीवर मोबाइलची टॉर्च आधी समोरून मारा, मग भिंतीला चिकटवून. गिलाव्याचा कण न् कण दिसेल.

तुम्हाला उन्हाची तिरीप भिंतीला घासत जाणारी हवी. फळ्या उभ्या असतील तर ती बाजूने यायला हवी, डोक्यावरून नको. पश्चिमेच्या भिंतीवर असं ऊन मिळतं ते सूर्य दक्षिणेवरून नुकताच पुढे सरकल्यावर. सध्या ऑक्टोबरात तुमच्याकडे साधारण सव्वा ते दोन. भर दुपारी फोटो काढू नये हे आपण भारतात शिकलो, कारण पुण्यात डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो. ओहायोत तेव्हा तो जेमतेम २६-२७ अंश वर चढतो. त्यामुळे नोव्हेंबरात घड्याळ तासभर मागे गेलं की मग डिसेंबरात साडेबारा-एकला जा, शिरा मोजता येतील.

कललेल्या बार्नसाठी: ऑटो बंद. कॅमेऱ्यातली लेव्हल लावा, वाइड लेन्स पिशवीत ठेवा, लांब जाऊन ८५ किंवा १०० मिमीच्या लेन्सवर काढा. कॅमेरा वर उचलायला लागला नाही की उभ्या रेषा आपोआप उभ्या राहतात, आणि उरतो तो कल बार्नचा स्वतःचा.

सह्यवेडा: काजवांशी सहमत, पण अक्षरांसाठी वेगळी फेरी मारा. तिरप्या उन्हात पोपड्यांच्या सावल्या अक्षरांवर पडतात आणि वाचता येत नाहीत. पाऊस थांबल्या थांबल्या, ढगाळ असताना जा. ओल्या लाकडाचा रंग गडद होतो आणि पुसट अक्षरं वर येतात. ओल्या फळ्या चकाकतात, तेव्हा पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) फिरवून बघा. आणि मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका. माळ्याच्या फळ्या वरून धडधाकट दिसतात. माझा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला होता.

रानवाटा: काजवा, टॉर्चचा प्रयोग केला. बायको म्हणाली, भिंतीला रंग काढायची वेळ झाली 😀 काल दीड वाजता पोचलो. पावणेदोनला 'पाउच'मधल्या पी च्या कडेने एकेक पोपडा सावली धरून उभा राहिला. मालक आजोबा बाहेर आले, परवानगी मिळाली, फक्त गायींचं फाटक लावून घ्या म्हणाले. भिंतीचा फोटो आता मनासारखा आलाय.

पण त्यांनी आतही नेलं. (माळ्यावर नाही, खालीच!) फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या, त्यात गवताची धूळ. पट्ट्यांवर एक्स्पोजर धरलं तर बाकी सगळं काळं, अंधारावर धरलं तर पट्ट्या पांढऱ्याफटक. तीन एक्स्पोजर जोडून बघितली, पण धूळ हलते, जोड दिसतो. यावर काही?