मुलींची कॉलेज फी माफ: पैसा योग्य ठिकाणी जातोय का?

सांगलीकर:
जुलै २०२४ च्या राज्य सरकारच्या जीआरने (शासन निर्णयाने) वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी निम्मं होतं. सरकारवर ९०६ कोटींचा जादा बोजा. माझा आक्षेप मुलींना नाही, पैसा कुठे जातो त्याला आहे. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित (सरकारी अनुदान नसलेल्या खासगी) कॉलेजांना परवानगी दिली, सरकारचा खर्च वाचावा म्हणून. आता त्याच संस्थांची फी तिजोरीतून. त्यापेक्षा सरकारी कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा की!

अनघा_के:
भरा ना, कोण नको म्हणतंय? तोवर पोरींनी काय करायचं? पैसा एकाच्याच फीपुरता असला की तो कुणावर खर्च होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? 'पोरगी हुशार आहे, पण बीएस्सी करू दे, घरून जाता येतं.' हे वाक्य मी तीन घरांत ऐकलंय.

सांगलीकर:
अनघाताई, आठ लाख म्हणजे महिना जवळपास सदुसष्ट हजार. ते गरीब? आणि तीन लाखांत भागवणाऱ्या ओबीसी शेतकऱ्याच्या मुलाला मात्र निम्मीच सवलत.

अनघा_के:
मग मुलालाही पूर्ण द्या म्हणा, मी सही करते. मुलीचं काढून घेऊन त्याचं काय भलं होणार?

करदाता_पुणे:
फुकटेगिरी. शिकायचं तर कर्ज काढा.

अनघा_के:
ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांची फी सवलत १९५९ पासून आहे. आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांनी घेतली होती का.

बारक्या:
माफ म्हणणाऱ्यांनी एकदा खिडकीवर उभं राहून बघावं. बहिणीचा प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झाला. क्लार्क म्हणे, 'आत्ता भरा, डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आले की परत देऊ.' वडिलांनी जीआरची झेरॉक्स पुढे सरकवली. 'साहेबांना भेटा.' साहेब जेवायला गेलेले. चार वाजता हमीपत्रावर सही घेतली आणि विकास शुल्क रोख भरून घेतलं. हॉस्टेल, मेसचं तर जीआरमध्ये नावच नाही.

सांगलीकर:
हेच म्हणतोय मी. सरकार पैसे उशिरा देणार, संस्था ते पालकांकडून काढणार.

अनघा_के:
मग वेळेवर द्यायला लावा, योजना कशाला बंद करायची? बारक्या, रोख भरलं त्याची पावती घेतलीत ना? हमीपत्राची प्रतही मागा. पुन्हा फी मागितली तर तंत्रशिक्षण खात्याच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार टाका. तोंडी बोलून काही होत नाही.